दोरीवरच्या उड्या: घड्याळ म्हणतं ३१२, काटा म्हणतो ८४

तिसरा मजला | ९ जुलै, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

वय ४३, वजन ८४, उंची पाच फूट सात इंच, नोकरी खुर्चीतली, मुक्काम डोंबिवली. मेअखेरपर्यंत रोज संध्याकाळी पाऊण तास भराभर चालायचो. पाऊस लागला आणि चालणं बंद पडलं. आमच्याकडे जुलैत रस्ता कुठला आणि खड्डा कुठला हे पाय आत गेल्यावरच कळतं. ऑफिसातला एक पोरगा म्हणाला, दोरी मारा, दहा मिनिटं दोरी म्हणजे अर्धा तास धावणं. लगेच दीडशे रुपयांची दोरी आणली.

आज सहावा दिवस. रोज रात्री हॉलमध्ये सोफा सरकवून वीस मिनिटं. मनगटावरचं घड्याळ वीस मिनिटांचे ३१२ कॅलरी दाखवतं, म्हणून मी खूश. काटा मात्र ८४ वर ठाम. पोटऱ्या अशा भरून आल्यात की जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी, तीही आडवा होऊन. त्यातच काल खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. भांडायला नाही, अगदी शांतपणे म्हणाल्या, "अहो, काही फुटलंबिटलं का? आमच्या पंख्याची दांडी हलतेय."

तर कुणी अनुभवी आहे का इथे? दोरीने खरंच एवढ्या कॅलरी जळतात का? आणि हे पोटऱ्यांचं दुखणं कधी थांबतं?

वडापाववादी | ९ जुलै, रात्री ११:०५

३१२ म्हणजे एक वडापाव आणि वर एक तळलेली मिरची. मिरचीसाठी एवढा घाम गाळू नका. (हलके घ्या.)

बर्फातली तुळस | १० जुलै, पहाटे ४:३०

खालच्या काकूंचं वाचून हसू आलं. इथे न्यू जर्सीत आमचं अपार्टमेंट लाकडी सांगाड्याचं. पहिल्याच दिवशी खालच्या आजोबांनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. तेव्हापासून गॅरेजमध्ये, थंडीत जॅकेट घालून. घरातच करायचं असेल तर जाड रबरी मॅट घ्या. योगाची पातळ मॅट चालत नाही, ती पायाखालून सरकते आणि दोरी तिच्या कडेत अडकते.

तांबडा पांढरा | १० जुलै, सकाळी ७:१२

वजन ८४ आणि फरशीवर दोरी? गुडघ्यांचं काय करणार मालक? आमच्याकडं तालमीत पोरं दोरी मारायची ती दम वाढवायला, वजन उतरवायला न्हवं. आणि पायाखाली मऊ माती असायची. घरात जोर-बैठका मारा की. फरशी वाजत न्हाई, काकू वर येत न्हाईत आणि दीडशे रुपये वाचत्यात.

हिशेबनीस | १० जुलै, सकाळी ९:४०

धागाकर्ते, आकडे नीट मांडू या. तुमचं घड्याळ तुम्हाला फसवतंय, आणि ऑफिसातल्या पोराने अर्धवट ऐकलंय.

आधी त्याचं वाक्य. ते आलंय १९६८ सालच्या एका प्रयोगातून. अमेरिकेत ॲरिझोनात जॉन बेकर यांनी कॉलेजातल्या मुलांचे दोन गट केले. एकाने रोज दहा मिनिटं दोरी मारली, दुसऱ्याने रोज तीस मिनिटं जॉगिंग केलं. सहा आठवड्यांनी पायरी चढ-उतार करायला लावून नाडी मोजली, तर दोन्ही गटांची सुधारणा जवळपास सारखी निघाली. म्हणजे मोजमाप हृदयाच्या क्षमतेचं होतं, कॅलरीचं नव्हे. नंतर लोकांनी "क्षमता" गाळली आणि "कॅलरी" चिकटवली.

आता कॅलरी. संशोधक यासाठी "मेट" नावाचं एकक वापरतात. स्वस्थ बसलेला माणूस दर किलो वजनामागे तासाला साधारण एक कॅलरी खर्च करतो, तो झाला १ मेट. त्यांच्या २०११ च्या कोष्टकात मिनिटाला शंभराच्या आत उड्या असतील तर ८.८, शंभर ते एकशेवीसला ११.८ आणि त्याहून वेगाला १२.३ दिलेत. ताशी आठ किलोमीटरने धावणं ८.३. भराभर चालणं सुमारे ४.३. म्हणजे दोरी हा जबर व्यायाम आहे, यात वाद नाही. तुमच्या ८४ किलोला संथ दोरीही मिनिटाला १२ कॅलरीच्या वर जाते.

पण तुम्ही "वीस मिनिटं" म्हणता त्यात दोरी प्रत्यक्ष किती मिनिटं फिरते? सहाव्या दिवशी कुणीही सलग दहा मिनिटं मारत नाही. मारतो वीस-पंचवीस उड्या, अडकतो, शिव्या घालतो, धापा टाकतो, पाणी पितो. एकदा मोबाईलवर चित्रण करून मोजा.

तिसरा मजला | १० जुलै, रात्री ११:२०

हिशेबनीस, मोजलं. न मोजलेलंच बरं होतं.

मोबाईल टीव्हीच्या कपाटावर उभा केला आणि नंतर घड्याळ लावून बसलो. वीस मिनिटांत दोरी फिरली ती एकूण ४ मिनिटं ५० सेकंद. सगळ्यात लांबची सलग फेरी ३१ उड्यांची. अडकलो ५७ वेळा. बाकी सगळा वेळ मी कंबरेवर हात ठेवून खिडकीबाहेर बघतोय. एकदा तर चक्क टीव्हीवरची बातमी संपेपर्यंत उभा आहे.

हिशेबनीस | ११ जुलै, सकाळी ८:५५

प्रामाणिकपणाला दाद. मग करा बेरीज. पाच मिनिटं दोरी धरू, ६२ कॅलरी. उरलेली पंधरा मिनिटं धापा टाकत उभं राहणं, येरझाऱ्या, सोफ्याला टेकणं. त्याला सढळ हाताने ३ मेट दिले तर ६३. एकूण सव्वाशे. घड्याळाने दिले ३१२.

घड्याळाला एकट्याला दोष देऊ नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली होती. नाडी बहुतेकांनी बरी मोजली. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के, आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. दोरी मारताना मनगट गरागरा फिरतं, पण त्याचा किती हिशेब घड्याळ धरतं ते त्यालाच ठाऊक.

आणि आता खरी गंमत. तुमचं मेमधलं पाऊण तास चालणं: ८४ गुणिले ४.३ गुणिले पाऊण तास, म्हणजे २७१. आजच्या दोरीच्या दुपटीहून जास्त! काटा हलला नाही यात नवल नाही. तुम्ही व्यायाम वाढवला नाही, निम्म्याहून कमी केलात. (शिवाय सहा दिवसांत काटा हलण्याची अपेक्षाच चूक. किलोभर चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी.)

वडापाववादी | ११ जुलै, सकाळी ९:१०

सव्वाशे म्हणजे अर्धा वडा. पाव परत द्या.

शिट्टी | ११ जुलै, दुपारी ३:३०

निवृत्त पी.टी. शिक्षक आहे. तीस वर्षं पोरांना दोरी शिकवली. शालेय स्पर्धांत रोप स्किपिंग हा आता रीतसर खेळ आहे, त्यामुळे ज्यांच्या पायांना स्प्रिंग लावल्यासारखी वाटते अशा मुली पाहिल्यात आणि दोरी बघून पळणारी मुलंही पाहिलीत. हिशेबनीस यांचा हिशेब बरोबर, पण त्यावरून दोरी सोडू नका. ५७ वेळा अडकणं हा दमाचा प्रश्न नाही, हाताचा आहे.

आधी दोरीचं माप. एका पायाने दोरीच्या मध्यावर उभे राहा आणि दोन्ही मुठी वर ओढा. त्या बगलेपर्यंत आल्या पाहिजेत. बाजारातली दोरी नऊ-दहा फुटांची असते, आपल्याकडच्या उंचीला लांब पडते. लांब दोरी जमिनीवर आपटून उसळी घेते आणि पायात येते. मुठीचं टोपण उघडून आत गाठ मारा. बाहेर गाठ मारलीत तर दोरी पिळते. आणि ती स्टीलच्या तारेची, बेअरिंगवाली दोरी नवशिक्याने घेऊ नये. फिरते छान, पण पिंढरीवर बसली की आजीची आठवण येते. साधी पीव्हीसी किंवा मण्यांची घ्या. मण्यांच्या दोरीला वजन असतं, ती कुठे आहे ते हाताला कळतं आणि जमिनीला टेकली की वाजते, त्या आवाजावर ताल बसतो.

आता हात. नवशिका खांद्यातून दोरी फिरवतो, विहिरीवर रहाट ओढल्यासारखी. पाच मिनिटांत खांदे भरतात, हात पसरत जातात, आणि हात पसरले की दोरी तोकडी पडते. मग ती पायात येणारच. कोपरं बरगड्यांना लावा, मुठी कमरेच्या जरा पुढे, आणि फिरवायचं ते फक्त मनगट. मी पोरांच्या दोन्ही काखांत एकेक रुमाल धरायला लावायचो. रुमाल पडला की एक फेरी मैदानाला.

उडी किती? एक बोट. दोरीची जाडी असते अर्ध्या बोटाहून कमी. तिच्यासाठी वीतभर उंच उडायचं कारण नाही. चवड्यांवर उतरा, टाच हलकी टेकली तरी चालेल, गुडघे जरासे सैल. टाचा मागे झाडू नका. खालच्या काकूंचा पंखा हलतो याचा अर्थ तुम्ही उंच उडून सपाट पायाने आदळताय. बरोबर उडीचा आवाज पायाचा येत नाही, दोरीचा येतो.

पहिले दोन दिवस दोरीवरून उडूच नका. दोन्ही मुठी एका हातात धरून दोरी अंगाच्या बाजूने फिरवा आणि ती जमिनीला टेकेल त्या ठोक्याला बारीक उडी मारा. ताल बसला की मग दोरीत शिरा.

तांबडा पांढरा | ११ जुलै, दुपारी ४:०२

सर, रुमालाची आयडिया नाद खुळा. आमचे वस्ताद रुमाल न्हाई, थेट काठीच लावायचे कोपराला.

कोपरखळी | ११ जुलै, रात्री ९:१५

व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. पोटऱ्यांबद्दल लिहिते.

पिंढरीचा मांसल भाग दुखतो, दाबल्यावर बरं वाटतं, दोन-तीन दिवसांत उतरतं: हे स्नायूंचं नेहमीचं दुखणं. चालण्याने पोटरी अशी वापरली जात नाही. दोरीत प्रत्येक उडीला सगळं वजन चवडे आणि पोटरीच झेलतात. मिनिटाला ऐंशी उड्या धरल्या तरी पाच मिनिटांत चारशे वेळा. सहा दिवस सलग, विश्रांतीशिवाय, असं केलंत तर ती संप करणारच.

नडगीच्या हाडाची आतली कड बोटाने चाचपताना वीतभर पट्ट्यात दुखत असेल तर मात्र थांबा, आठ-दहा दिवस दोरी बंद. एकाच ठिकाणी, बोटभर जागेत, टोचल्यासारखं दुखत असेल आणि बसल्या जागीही ठणकत असेल तर ऑर्थोपेडिकला दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकते. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाच दुखली तर तेही दोरी कमी करण्याचं लक्षण. स्नायू दोन-तीन आठवड्यांत तयार होतो, टाचेमागची शीर आणि नडगी मागे राहतात. त्यांना महिने लागतात. दम वाढला म्हणून लोक तिसऱ्या आठवड्यात वेळ दुप्पट करतात आणि चौथ्या आठवड्यात माझ्याकडे येतात.

म्हणून एक दिवसाआड. पहिले दोन आठवडे वीस सेकंद दोरी, चाळीस सेकंद विश्रांती, अशा दहा फेऱ्या. म्हणजे दोरी तीन मिनिटं वीस सेकंद. हसू नका. मग तीस-तीस, पाचव्या-सहाव्या आठवड्यात चाळीस-वीस. मधल्या दिवशी भिंतीला हात लावून टाचा उचला, एका पायावर. वीस सरळ जमत नसतील तर पोटरी अजून दोरीसाठी तयार नाही. आणि बूट घाला. कोबा किंवा फरशीवर अनवाणी नको.

गुडघ्यांविषयी: आधीपासून दुखत नसतील तर एक बोट उडीने बिघडत नाहीत. आधीच सुजत असतील, संधिवात असेल, रक्तदाब ताब्यात नसेल, हृदयाचा काही इतिहास असेल किंवा मधुमेहामुळे तळपाय बधिर झाले असतील तर दोरीला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दुपारची झोप | १२ जुलै, दुपारी २:१८

कोपरखळीताई, एक विचारू का? प्रश्न धागाकर्त्यांचा नाही, माझा आहे. दोन बाळंतपणं झालीत, धाकटा चार वर्षांचा. मागच्या वर्षी दोरी सुरू केली होती. दहाव्या-बाराव्या उडीला कपडे ओले झाले. नवऱ्यालाही सांगितलं नाही, दोरी माळ्यावर टाकली. सासूबाई म्हणतात, बायकांनी उड्या मारल्या की पिशवी खाली येते. हे खरं आहे का? आयडी खरा नसल्यामुळे विचारायचा धीर झाला.

कोपरखळी | १२ जुलै, दुपारी ४:४०

बरं केलंत विचारलंत. माझ्याकडे येणाऱ्या बायका हे सगळ्यात शेवटी, दाराशी उभ्या राहून सांगतात.

हे फार बायकांना होतं. लाजण्यासारखं काही नाही, पण "बाळंतपणानंतर असंच असतं" म्हणून सोडूनही देऊ नका. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. गरोदरपणात आणि बाळंतपणात ती ताणली जाते. उडीला पोटातला दाब एकदम वाढतो, झोळी वेळेवर आवळली गेली नाही की लघवी सुटते. धडधाकट बाईची पिशवी उड्यांनी खाली येत नाही. पण आधीच उतरलेली असेल, खाली जड वाटत असेल, काही बाहेर आल्यासारखं वाटत असेल, तर उड्या नकोतच, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. नसेल तर ही झोळी आवळण्याचे व्यायाम कुणा फिजिओकडून नीट शिकून घ्या. बऱ्याच जणी हे करताना उलट खाली जोर देतात, म्हणून एकदा तपासून घ्यायचं. तीन-चार महिने रोज करावं लागतं. मग आधी टाचा उचलणं, मग जागच्या जागी बारीक उड्या, मग दोरी.

नुकतं बाळंतपण झालेल्या कुणी वाचत असतील तर: धावणं सुरू करण्याविषयी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या फिजिओंनी केलेल्या मार्गदर्शिकेत पहिले तीन महिने थांबायला सांगितलंय. तेच मी दोरीला लावते. आणि घट्ट स्पोर्ट्स ब्रा घाला. हे कुणी सांगत नाही, आणि बायका दोरी सोडतात त्याचं निम्मं कारण हेच असतं.

बर्फातली तुळस | १३ जुलै, पहाटे ५:०१

दुपारची झोप, मी पण त्यातलीच. पाच महिने व्यायाम केले, आता तीस सेकंद कोरड्या जातात. माळ्यावरून दोरी काढा.

दुपारची झोप | १३ जुलै, दुपारी १:५०

धन्यवाद दोघींना. वाचनखूण साठवलीय.

सायकलवाला | १३ जुलै, रात्री ८:३०

अवांतर: दोरीने मुलांची उंची वाढते का? भाचा नववीत आहे, रोज पाचशे मारतो.

शिट्टी | १३ जुलै, रात्री ८:५५

नाही. उंची आईबापांकडून येते. मारू दे त्याला, उंची नाही तर दम वाढेल.

हिशेबनीस | १४ जुलै, सकाळी १०:०५

धागाकर्त्यांसाठी एक शेवटचा हिशेब. कोपरखळींच्या वेळापत्रकाने दोन महिन्यांत वीस मिनिटांपैकी तेरा मिनिटं दोरी फिरायला लागली, आणि वेग मिनिटाला शंभराच्या वर गेला, तर तुमच्या वजनाला मिनिटाला साडेसोळा कॅलरी. तेराचे सव्वादोनशेच्या जवळ जातात, मधल्या विश्रांतीचे वीस-तीस वेगळे. तेव्हा वीस मिनिटांची दोरी पाऊण तास चालण्याच्या जवळपास बरोबरीला येईल. वाचली पंचवीस मिनिटं. दोरीचा फायदा तो. पण तोवर चालणं सोडू नका. पाऊस उघडला की बाहेर, नाहीतर इमारतीचा जिना.

तांबडा पांढरा | १४ जुलै, सकाळी १०:३०

आणि रात्रीचा भात? त्यावर कुणी बोलंना. दोरीनंतर भूक अशी लागती की सव्वाशे कॅलरी ताटाच्या कडेलाच वसूल होत्यात.

तिसरा मजला | १४ जुलै, रात्री ११:१०

भात नव्हे, फरसाण. ऑफिसातून आल्यावर, दोरीच्या आधी "ताकदीसाठी". भावना पोचल्या.

तिसरा मजला | २५ ऑगस्ट, रात्री ९:३५

धागा वर काढतोय. सहा आठवडे झाले.

हॉल सोडला. सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली मागितली तर पत्र्याच्या शेडखाली लोकांची वाळवणं. शेवटी खाली स्टिल्टमध्ये, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत मारतो. कोबा आहे, पण जाड रबरी मॅट टाकतो आणि बूट घालतो. पहिला आठवडा काखेत रुमाल धरले. वॉचमन लांबून बघत होता, चौथ्या दिवशी त्याने विचारलं, साहेब, खांद्याला काही झालंय का?

काल पुन्हा चित्रण केलं. वीस मिनिटांत दोरी फिरली ८ मिनिटं १० सेकंद. अडकलो १४ वेळा. सलग ११८ उड्या. तेरा मिनिटं अजून लांब आहेत. तिसऱ्या आठवड्यात जोर आला म्हणून सलग तीन दिवस मारली आणि नडगी धरली. कोपरखळीताईंनी आधीच लिहिलं होतं, तरी केलं. आठ दिवस बंद ठेवावी लागली. त्या आठ दिवसांत छत्री घेऊन चाललो, भिजलो, पण चाललो. फरसाणाचा डबा बायकोने कुठे ठेवलाय ते मी विचारलेलं नाही. काटा ८२.४. यातलं दोरीचं किती, चालण्याचं किती आणि डब्याचं किती, हिशेबनीस सांगतीलच. घड्याळ काढून ठेवलंय, दोरी मारताना मनगटाला तसंही नडतं.

एक शंका. दोरी मधोमध झिजलीय, चार-पाच इंच अगदी खरखरीत, आतली पांढरी दिसायला लागलीय. मॅटवर जेवढी टेकते तेवढीच. बाकी दोरी नव्यासारखी. माल खराब निघाला का?

शिट्टी | २५ ऑगस्ट, रात्री ९:५०

माल चांगला आहे. हात वेडेवाकडे असते तर झीज एका बाजूला गेली असती. मध्यावर झिजली म्हणजे दोन्ही हात सारखे फिरतायत. तुटायच्या आत बदला, आणि नवी घेताना दुकानातच पायाखाली धरून बगलेपर्यंत मापून घ्या.